पक्षी मोजले, पाणी मोजायचे राहिले

५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस. १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अली यांचा. या दोन तारखांमधला काळ महाराष्ट्रात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. दोन्ही टोके धरून मोजले तर हे आठ दिवस भरतात. सप्ताहात आठ दिवस बसवण्याची किमया सरकारी परिपत्रकालाच साधते. पण पक्ष्यांच्या पदरात एक दिवस जास्त पडत असेल तर हरकत घेण्याचे कारण नाही. चितमपल्ली १८ जून २०२५ रोजी गेले, त्याच वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली होती. वनखात्याच्या नोकरीत हयात घालवलेल्या या माणसाने मराठी वाचकाला जंगलाची गोडी लावली. सलीम अलींनी देशाला पक्षी नीट पाहायला, मोजायला आणि पाहिलेले लिहून ठेवायला शिकवले. दोघांच्या नावाने शाळेची मुले दुर्बिणी घेऊन पाणवठ्यांवर जातात, वनखाते आणि पक्षिमित्र गणना करतात, वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. हे सगळे चांगलेच आहे.

तरी या गणनांच्या बातम्या वाचताना दर वर्षी एक गोष्ट खटकते. पक्षी किती आले हे आपण आवडीने मोजतो. ते ज्या पाण्यात आणि चिखलात पाय रोवून उभे असतात, त्यात काय चालले आहे हे विचारायचे राहून जाते. मग पक्ष्यांचा आकडा हेच प्रमाणपत्र होते. पक्षी वाढले, म्हणजे सगळे ठीक चालले आहे. निसर्ग जुळवून घेतो. हे वाक्य अलीकडे फार सोयीचे झाले आहे. भराव असो, पूल असो, विमानतळ असो, त्याच्या समर्थनार्थ ते कोणीही फेकू शकतो. त्यात थोडे सत्य आहे, म्हणूनच ते घातक आहे. सजीव जुळवून घेतात हे खरे. पण कोण जुळवून घेतो, किती वेळात आणि कशाच्या भरवशावर, हे पाहायला गेलो की त्या वाक्यातला दिलासा बराच पातळ होतो.

जून २०२० आठवून पाहा. टाळेबंदीत माणसे घरात कोंडलेली असताना बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या सरोवराचे पाणी काही दिवसांत हिरव्याचे गुलाबी झाले. छायाचित्रे मोबाइलवरून देशभर फिरली आणि त्यांच्यामागून तर्कवितर्कही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची दखल घेतली, पाण्याचे नमुने नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले. उत्तर आले ते असे: पाणी रंगले ते हॅलोआर्किया या अतिखारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. पाऊस कमी, बाष्पीभवन जास्त, पाण्याची पातळी उतरलेली. त्यामुळे खारटपणा आणि पीएच दोन्ही चढले होते. पुढे पाऊस झाला, पाणी पातळ झाले आणि रंग ओसरला.

बातमी तिथे संपली. खरे तर गोष्ट तिथून सुरू होते.

लोणार हे बेसॉल्टच्या खडकात उल्काघाताने झालेले विवर आहे. व्यास सुमारे १.८ किलोमीटर, खोली दीडशे मीटरच्या आसपास. त्याचे वय आधीच्या एका पद्धतीने ५२ हजार वर्षे निघाले होते. पुढे आर्गॉनच्या समस्थानिकांवरून ते सुमारे पावणेसहा लाख वर्षे असल्याचे मांडले गेले. विवराच्या तळाशी असलेल्या या सरोवराला पाणी येण्याच्या वाटा आहेत, पाऊस आहे, ‘धार’ नावाच्या झऱ्यासारखे गोड्या पाण्याचे झरे आहेत. बाहेर जायला मात्र वाट नाही. जे जाते ते वाफ होऊन वर जाते आणि क्षार मागे राहतात. पिढ्यान्पिढ्या साठत आलेल्या या क्षारांनी पाण्याचा पीएच दहाच्या पुढे नेऊन ठेवला आहे. हाताला साबणासारखे बुळबुळीत लागणारे हे पाणी आहे. विवराच्या काठावर उभे राहिले तर वाटते, यात काही जगत नसेल. प्रत्यक्षात हे पाणी जिवांनी गच्च भरलेले आहे. एरवीचा हिरवा रंग मुख्यतः आर्थ्रोस्पायरा या नीलहरित शैवालाचा, म्हणजे बाजारात ‘स्पिरुलिना’ नावाने गोळ्यांच्या डब्यातून मिळते त्याचाच. खालच्या गाळात मिथेन तयार करणारे जीव आहेत आणि तो मिथेन खाणारेही. इथून शास्त्रज्ञांनी पूर्वी कोणी न पाहिलेले जिवाणू वेगळे काढले. त्यातल्या एकाचे नाव सेसेंबिया लोनारेन्सिस. हैदराबादची ‘सीसीएमबी’ ही संस्था आणि बुलडाण्यातले हे गाव अशी जोडी त्या नावात कायमची बसली आहे.

अशा पाण्यात ‘जुळवून घेणे’ कसे घडते? आपल्या मनात चित्र असते ते एखाद्या जिद्दी प्राण्याचे, जो हळूहळू स्वतःला बदलतो. सूक्ष्मजीवांच्या वस्तीत तसे क्वचितच होते. तिथे बदलते ती सत्ता. हॅलोआर्किया त्या जूनमध्ये कुठून उडून आले नव्हते. ते आधीपासून होते, मूठभर, कोणाच्या लक्षात न येणारे. त्यांच्या पेशीत पोटॅशियमचे क्षार इतके भरलेले असतात, की बाहेरच्या खारटपणाचा त्यांना जाच होत नाही. त्यांची प्रथिनेही क्षारातच नीट घडी घालून काम करणारी. पाणी गोडसर असेल तर मात्र त्यांची पेशी टिकत नाही. त्यामुळे चांगल्या पावसाच्या वर्षांत हिरव्या शैवालाचे राज्य, आणि पाणी आटून मिठाचे प्रमाण चढले की या लालसर मंडळींचे. त्यांचा रंग कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांचा. तीव्र उन्हापासून ही द्रव्ये त्यांना सांभाळतात. काही जातींकडे तर प्रकाशावर चालणारा प्रथिनांचा एक पंपही असतो. शैवालासारखे प्रकाशसंश्लेषण न करता ते उन्हातून थोडी ऊर्जा काढून घेतात. वर आणखी एक सोय म्हणजे जनुकांची उसनवारी. एका जिवाणूजवळ असलेले उपयोगी जनुक शेजाऱ्याकडे जाऊ शकते, आणि शेजारी त्याच जातीचा असण्याचीही अट नाही. पिढी काही तासांची, संख्या मोजता न येण्याइतकी, वर ही उसनवारी. अशा वस्तीला हवामान बदलले काय आणि पाणी खारावले काय, कोणी ना कोणी पुढे येतोच. सरोवर रिकामे पडत नाही.

रंग बदलला, म्हणजे तिथले भोजनच बदलले. हे ज्याला सर्वांत आधी कळते तो रोहित, म्हणजे फ्लेमिंगो.

रोहिताची चोच हे पक्षिजगतातले एक विक्षिप्त अवजार आहे. मान खाली टाकून, डोके उलटे करून तो जेवतो. जाड मांसल जीभ दट्ट्यासारखी मागेपुढे होते, पाणी आत ओढले जाते, बाहेर ढकलले जाते, आणि चोचीच्या कडांना असलेल्या बारीक पट्ट्यांच्या गाळणीत अन्न अडकते. ‘मोठा रोहित’ या जातीची गाळणी जाड. ती चिखलातले छोटे कवचधारी, किडे, अळ्या अडवते. ‘लहान रोहित’ या जातीची गाळणी इतकी बारीक की आर्थ्रोस्पायराचे धागे आणि डायटम शैवाल हेच त्याचे मुख्य अन्न. हा पक्षी जवळजवळ सूक्ष्मजीवांवरच जगतो असे म्हटले तरी चालेल. त्याचा गुलाबी रंगसुद्धा उसना आहे. कॅरोटिनॉइड द्रव्ये पक्ष्याचे शरीर बनवू शकत नाही. ती शैवालातून, किंवा शैवाल खाणाऱ्या जिवांतून येतात, यकृतात त्यांचे रूप थोडे बदलते आणि मग ती पिसांत उतरतात. पिल्लू जन्मते करडे-पांढरे. गुलाबी व्हायला त्याला काही वर्षे लागतात. प्राणिसंग्रहालयात चुकीचा खुराक दिला की रोहित फिके पडतात हे तिथल्या लोकांना जुने ठाऊक आहे. लोणारचे पाणी आणि रोहिताचे पंख यांना रंग देणारी द्रव्ये एकाच कुळातली. वर उडणाऱ्या थव्याकडे पाहताना आपण खालच्या पाण्याचाच हिशेब पाहत असतो, फक्त तो पंखांवर मांडलेला असतो.

आता मुंबईकडे. शिवडी-माहुलच्या किनाऱ्यावर आणि ठाण्याच्या खाडीत रोहित मोठ्या संख्येने दिसू लागले ते १९९०च्या दशकात. त्याआधी मुंबईची ओळख रोहितांसाठी नव्हती. पुढे संख्या वाढत गेली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या २०१९च्या मोजणीत ती लाखाच्या वर गेली. २०१५ मध्ये खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला, २०२२ मध्ये खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींना दिला जाणारा रामसर दर्जा मिळाला. राज्यातला तो तिसरा. २०१९ मध्ये नांदूर मधमेश्वर आणि २०२० मध्ये लोणार यांना तो आधी मिळाला होता. सगळे कसे उत्साहवर्धक.

हे पक्षी इथे का आले? अभ्यासक देतात ते उत्तर उत्सवी मनाला रुचणारे नाही. महानगराचे सांडपाणी खाडीत येते. त्यात नायट्रोजन आहे, फॉस्फरस आहे. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या विस्तीर्ण चिखलपट्ट्यांवर ऊन पडते, आणि त्या खतावर नीलहरित शैवाल व डायटम दाट वाढतात. म्हणजे मुंबई-ठाण्याच्या मोऱ्यांतून वाहून गेलेले चिखलातल्या सूक्ष्मजीवांनी पचवले, त्यांचे शैवाल झाले, शैवालाचे रोहित झाले, आणि रोहितांचे पर्यटन. याच खाडीत पूर्वी मिळणारी मासळी, निवट्या, शिंपल्या कशा कमी होत गेल्या हे कोळीवाड्यातली जुनी माणसे सांगतात. त्या दोन गोष्टी एकाच चिखलातल्या आहेत. एकाला मेजवानी आणि दुसऱ्याला उपास, असे हे जुळवून घेणे.

म्हणून सांडपाण्याचे आभार मानावेत काय? तसा युक्तिवादही कधीमधी कानावर येतो: घाण पाण्यामुळेच तर रोहित येतात, ते शुद्ध केले तर जातील. हा युक्तिवाद हुशार आहे, आणि चूक आहे. सूक्ष्मजीवांची वस्ती कोणत्या बाजूला कलंडेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. थोडे खत मिळाले तर पौष्टिक शैवाल. ते वाढत गेले, पाणी कोंडले, ऊन तापले, तर तिथेच विषारी नीलहरित शैवालाची साय धरते. केनियातल्या बोगोरिया आणि नाकुरू सरोवरांत लहान रोहितांचे सामुदायिक मृत्यू झाले, तेव्हा अशा शैवालांची विषे पाण्यात आणि मेलेल्या पक्ष्यांत सापडली होती. विष आणि अन्न एकाच कुळातून येत होते. सांडपाण्याबरोबर कारखान्यांची जड मूलद्रव्येही येतात. शैवाल ती शोषून घेते, आणि जे खाते त्याच्या अंगात ती साठत जातात.

दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीजवळ कॅम्फर्स डॅम नावाचे एक पाणी आहे. ते मुख्यतः शहराच्या सांडपाण्यावर टिकून आहे आणि त्यामुळेच तिथे लहान रोहितांची गर्दी झाली. पक्ष्यांनी अंडी घालावीत म्हणून २००६ मध्ये तिथे एक कृत्रिम बेटही बांधले गेले आणि पक्ष्यांनी तिथे खरोखर वीण केली. जगात हा पक्षी मोजक्याच ठिकाणी वीण करतो, त्यात एका नवीन ठिकाणाची भर! पण शहराच्या सांडपाण्याची व्यवस्था बिघडत-सुधारत राहिली, तसे पाणी कधी चढले, कधी उतरले. २०१९ च्या सुरुवातीला ते इतके आटले की आईबाप उडून गेले आणि हजाराहून अधिक पिल्ले माणसांना उचलून आणून हाताने वाढवावी लागली. पक्ष्यांनी जुळवून घेतले होते ते माणसाच्या गलथानपणाशी. असल्या यजमानाच्या भरवशावर घर मांडले की असेच व्हायचे.

ठाण्याच्या खाडीतही हाच प्रश्न वेगळ्या रूपात आहे. रोहितांना नुसता चिखल पुरत नाही. ओहोटीला ते चिखलावर चरतात, भरती आली की त्यांना उथळ पाण्याची, उभे राहता येईल अशी दुसरी जागा लागते. नवी मुंबईतल्या पाणथळ जागा त्यासाठीच मोलाच्या. नेरुळच्या एका तळ्यात २०२४ च्या वसंतात भरतीच्या पाण्याची ये-जा अडली, पाणी साचून शैवाल माजले, आणि रोहित रस्त्यावर भरकटताना, मरताना दिसले. त्याच वर्षी २० मे रोजी घाटकोपरवर उतरणीला लागलेल्या विमानाच्या मार्गात एक थवा आला आणि चाळीसच्या आसपास पक्षी मेले. शिवडीच्या चिखलपट्ट्यांवरून आता अटल सेतू जातो. यातल्या प्रत्येक बदलाला चिखलातले जिवाणू काही आठवड्यांत उत्तर देतील. पक्ष्याजवळ तेवढ्या पिढ्या नाहीत. त्याच्याजवळ पंख आहेत. तो निघून जाऊ शकतो. पक्ष्याचे जुळवून घेणे बहुतेक वेळा हेच असते: दुसरीकडे जाणे, वेगळ्या वेळी जाणे, थोडे वेगळे खाणे.

ते कमी नाही, हे मान्य करायला हवे. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळच्या विथम वनात टिट पक्ष्यांची १९४७ पासून नोंद ठेवली आहे. तिथे वसंत लवकर येऊ लागला तसे त्यांचे अंडी घालणे सुमारे दोन आठवडे अलीकडे आले. लांब पल्ल्याचे किनारपक्षी उड्डाणाआधी आतडी आणि पेषणी आकाराने लहान करून घेतात, वजन वाचवतात, आणि उतरल्यावर पुन्हा वाढवतात. पण ज्या हालचाली आपण पक्ष्याच्या नावावर जमा करतो, त्यातल्या कितीतरी त्याच्या अंगावरच्या आणि पोटातल्या सूक्ष्मजीवांच्या जोरावर चाललेल्या असतात. आपल्या माळरानांवर, बागांत तुरा उभारून फिरणारा हुदहुद घ्या. विणीच्या काळात मादीच्या शेपटीजवळच्या ग्रंथीतला स्राव गडद आणि उग्र वासाचा होतो, कारण त्यात विशिष्ट जिवाणू वाढलेले असतात. ती तो स्राव अंड्यांना चोपडते. अंड्याच्या कवचावर त्यासाठी बारीक खळगेही असतात. जिवाणू बनवत असलेली द्रव्ये अंड्यात शिरू पाहणाऱ्या रोगजंतूंना थोपवतात. स्पेनमधल्या संशोधकांनी प्रयोगांनी हे दाखवले आहे. हुदहुदाच्या घरट्याला वास येतो म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी त्या वासामागचा बंदोबस्त लक्षात घ्यावा. उलट बाजूला पिसे कुरतडणारे जिवाणूही आहेत. दमट प्रदेशात ते जोमाने वाढतात, आणि गडद मेलॅनिनची पिसे त्यांना जास्त दाद देत नाहीत. ओलसर मुलखातले पक्षी कोरड्या मुलखातल्या भाईबंदांपेक्षा काळपट का असतात, याचे एक कारण यात असावे असे मानले जाते.

आणि मग गिधाड. सडलेले, रोगाने मेलेले जनावर पचवणे हे त्याचे काम. त्याचे जठरातील आम्ल तीव्र, आणि आतड्यात वस्तीला असतात ते असे जिवाणू की इतर प्राण्यांना त्यातले काही जिवावर बेततील. लाखो वर्षांत जमलेला हा करार इतका पक्का होता की त्याला धक्का लागेल असे कोणाला वाटले नसते. १९९० च्या दशकात गुरांना वेदनाशामक म्हणून डायक्लोफिनॅक दिले जाऊ लागले. औषध पोटात असलेले जनावर मेले, गिधाडाने खाल्ले, आणि गिधाडाचे मूत्रपिंड बंद पडले. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातली संख्या दीड दशकात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. जनावरांसाठीच्या या औषधावर २००६ मध्ये बंदी आली, पुढे २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि एसिक्लोफिनॅकवरही. ज्याच्याशी गाठ पडण्याचा वंशाला काहीच अनुभव नाही, त्याच्याशी जुळवून घ्यायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ गिधाडाला मिळाला नाही. ‘निसर्ग जुळवून घेतो’ म्हणणाऱ्यांना राज्यातल्या एखाद्या खेड्यातली म्हातारी माणसे विचारू शकतात, मग आमची गिधाडे कुठे गेली?

पुन्हा रोहितांकडे यायला हवे, कारण त्यांच्या बाबतीत हवामानबदलाचा काटा दोन्ही दिशांना फिरताना दिसतो. लोणारचे पाणी गुलाबी झाले ते पाणी कमी पडल्यामुळे. पूर्व आफ्रिकेतल्या क्षार-सरोवरांत गेल्या दीड दशकात उलटे घडले. पाऊस वाढला, सरोवरे फुगली, पाणी पातळ झाले, आणि शैवाल विरळ झाले. उपग्रहांच्या नोंदींवरून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००९ ते २०२२ या काळात नाकुरूचे क्षेत्रफळ जवळपास दुप्पट झाले आणि त्यातले शैवालाचे प्रमाण निम्म्यावर आले. एके काळी लाखो रोहितांसाठी जगभर प्रसिद्ध असलेले ते सरोवर. पाणी भरपूर असणे ही आपल्याकडे नेहमीच चांगली बातमी मानली जाते. रोहितासाठी ती उपासमारीची असू शकते. उजनीच्या जलाशयावर भिगवणला हेच दरवर्षी पाहायला मिळते. पाणी उतरून गाळाच्या उथळ पट्ट्या उघड्या पडल्या की रोहित जमतात, धरण काठोकाठ असले की त्यांना उभे राहायला जागा नसते. शेतकऱ्याला हवे ते पाणी आणि रोहिताला हवे ते पाणी एक नाही. यात कोणाचे चुकते असे नाही, पण दोघांचा मेळ आपोआप बसेल असेही नाही.

शिवाय खाडीतले आपले पाहुणे इथे फक्त जेवायला येतात. वीण होते ती कच्छच्या रणात. तिथली मोठ्या रोहितांची प्रचंड वसाहत पाहायला सलीम अली १९४५ मध्ये गेले होते. २०२२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने ठाण्याच्या खाडीतल्या सहा रोहितांच्या पाठीवर उपग्रह-यंत्रे बसवली. त्यांना सलीम, हुमायूँ, लेस्टर, मॅक्कन, खेंगारजी आणि नवी मुंबई अशी नावे दिली, आणि ते गुजरातकडे जाताना नोंदले गेले. नवी मुंबई नावाच्या पक्ष्याने गुजरात गाठावे, यात मौज आहे. तिथे रणात वेळेवर आणि पुरेसे पाणी साचले तरच घरट्यांचे चिखलाचे ढीग उभे राहतात, आणि जोडी एका वेळी एकच अंडे घालते. रणात पाऊस फसला तर मुंबईचे शैवाल कितीही माजो, पिल्ले होत नाहीत. तरीही मुंबईतली गर्दी काही वर्षे तशीच दिसत राहील, कारण रोहित दीर्घायुषी आहे. ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या प्राणिसंग्रहालयातला एक मोठा रोहित २०१४ मध्ये गेला तेव्हा किमान ८३ वर्षांचा होता. रानात इतके आयुष्य मिळत नसले तरी दशके सहज मिळतात. म्हातारे पक्षी परत परत येत राहतात आणि आकडा शाबूत दिसतो. गर्दी आणि भरभराट यांतला हा फरक नुसत्या डोकी मोजण्यातून कळत नाही. त्यासाठी थव्यातली करडी, कोवळी पिल्ले वेगळी मोजावी लागतात, आणि ती मोजल्याची बातमी क्वचित होते.

या राज्यात त्यासाठी लागणारे ज्ञान बाहेरून आणायचे नाही. पुण्यात आघारकर संस्था आहे, नागपुरात ‘नीरी’, मुंबईत एकशे चाळीसहून अधिक वर्षे निसर्गाची नोंद ठेवणारी नॅचरल हिस्टरी सोसायटी. २०२० मध्ये लोणारच्या पाण्याचा रंग बदलला तेव्हा यातल्या दोघांना न्यायालयाच्या पुढाकारामुळे घाईने कामाला लागावे लागले. रंग न बदललेल्या वर्षी पाण्यात काय असते याचा सलग, सगळ्यांना खुला असा तक्ता असता, तर ती घाई पडली नसती आणि तर्कवितर्कांनाही इतका वाव मिळाला नसता. खारटपणा, पीएच, विरघळलेला ऑक्सिजन आणि पाण्यातले हरितद्रव्य, एवढ्या चार नोंदी महिन्यातून एकदा घेतल्या तरी वस्तीचा कल कुठे चालला आहे हे बरेचसे समजते. यातल्या पहिल्या तीन नोंदी कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतल्या साध्या उपकरणांनी होतात. लोणारच्या शाळांतली मुले त्या करू शकतात, ऐरोली आणि शिवडीचीही. हरितद्रव्य मोजायला प्रयोगशाळा लागेल. ती विद्यापीठांत आहे.

वनखात्याने पुढच्या वर्षी सप्ताहाचे पत्रक काढताना पक्षिगणनेच्या तक्त्यात हे रकाने घालावेत, आणि रोहितांच्या रकान्याचे दोन भाग करावेत: प्रौढ आणि पिल्ले. ज्या पाणथळींना रामसरचा दर्जा आहे त्या तिन्ही ठिकाणांपासून सुरुवात करता येईल. नांदूर मधमेश्वरचे पाणी गोडे, ठाण्याचे खाऱ्या भरतीचे, लोणारचे क्षारांचे. तिन्हींतली सूक्ष्मजीवांची वस्ती वेगळी आणि त्यावर उतरणारे पक्षीही. नाशिक, ठाणे आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांच्या उपवनसंरक्षकांना या आठवड्यात एक पत्र गेले तरी काम सुरू होऊ शकते.